डोंगरमाथ्यावरचीं गांवें आणि एक चित्रकार

इटली म्हटली कीं आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें रोमचे भग्नावशेष, फ्लॉरेन्सचीं चित्रमंदिरें आणि व्हेनिसचे जलमार्ग उभे राहतात. या तीन नगरांवर प्रवासवर्णनकारांनीं इतकें लिहून ठेविलें आहे कीं त्यांत भर घालण्याची माझी इच्छा नाहीं. मला येथें सांगावयाचें आहे तें निराळ्याच इटलीविषयीं. या देशाच्या पाठीच्या कण्याप्रमाणें आपेनाइन पर्वताची रांग उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली आहे. तिच्या माथ्यांवर, सुळक्यांवर आणि कड्यांच्या अगदीं कडेला शेंकडों लहान गांवें वसलेलीं आहेत. तेथें ना मोठे कारखाने, ना मोठे बाजार. परंतु याच गांवांतून एक डच चित्रकार आपल्या उमेदीच्या काळांत, १९२२ पासून १९३५ पर्यंत, खांद्यावर पिशवी टाकून हिंडला आणि त्यानें तीं गांवें दगडावर व लांकडावर उतरून ठेविलीं. त्याचें नांव मॉरिट्स कॉर्नेलिस एशर.

ज्यांनीं एशरचें नांव ऐकलें नसेल त्यांच्याही पाहण्यांत त्याचें एखादें चित्र बहुधा आलेलें असतें. एका प्रासादाच्या माथ्यावर चौकोनी जिना आहे. मठांतील भिक्षू त्यावरून एकामागून एक चढत आहेत, आणि कितीही चढले तरी आरंभींच्याच पायरीवर येत आहेत. दुसऱ्या एका चित्रांत पाटाचें पाणी उताराउतारानें वाहत जातें आणि शेवटीं पाहावें तों तें उंचावर पोंचून धबधब्यासारखें खालीं कोसळतें. हें धबधब्याचें चित्र आमच्या नातवाच्या खोलींत टांगलेलें आहे. नातू सातव्या इयत्तेंत आहे, आणि "आजोबा, हा तर भूमितीचीं कोडीं घालणारा माणूस," हें त्याचें ठाम मत आहे. जगांतील बहुतेकांचें मत हेंच आहे. माझें म्हणणें असें कीं हीं कोडीं नुसत्या डोक्यांतून निघालेलीं नाहींत. त्यांचे दगड, त्यांच्या पायऱ्या आणि कमानी या डोंगरी गांवांतून आणलेल्या आहेत. आणि तीं गांवें पाहिल्यावांचून त्या कोड्यांची गोडी पुरती कळत नाहीं.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त हॉलंडांत असतात. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. हेग शहरांत एका जुन्या राजवाड्यांत २००२ सालापासून एशरचें चित्रसंग्रहालय आहे. तें प्रथम पाहिलें. मग चिरंजीव, सूनबाई व नातू यांच्यासह आम्ही रोमला उतरलों आणि तेथून भाड्याच्या मोटारीनें पूर्वेकडील अब्रुत्सो प्रांताच्या डोंगरांत शिरलों.

पण आधीं या गृहस्थाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. एशरचा जन्म १७ जून १८९८ रोजीं लेउवार्डन येथें झाला. वडील इंजिनियर, त्यांनीं कांहीं वर्षें जपान सरकारची नोकरी केली होती. मुलगा शाळेंत यथातथाच होता आणि शेवटच्या परीक्षेंत नापास झाला. पुढें जगांतील गणितज्ञ ज्याच्या चित्रांवर व्याख्यानें देऊं लागले त्याला स्वतःला शाळेंतलें गणित कधीं जमलें नाहीं, ही गोष्ट आम्हां मास्तरांनीं अधूनमधून आठवावी अशी आहे. हार्लेम येथें वास्तुकला शिकण्यास तो गेला असतां सॅम्युएल द मेस्किता या गुरूच्या दृष्टीस त्याचे ठसे पडले आणि तो चित्रकलेकडे वळला. हे गुरु जातीनें ज्यू. १९४४ सालीं जर्मनांनीं त्यांना सहकुटुंब धरून नेलें व ऑश्विट्झच्या छावणींत मारलें. रिकाम्या घरांत विखुरलेलीं गुरूंचीं चित्रें एशरनें गोळा करून सुरक्षित ठिकाणीं पोंचविलीं. त्यांतील एका कागदावर सैनिकाच्या बुटाचा ठसा उमटलेला होता, आणि तो कागद त्यानें अखेरपर्यंत आपल्यापाशीं जपून ठेविला. असो.

शिक्षण संपतांच १९२२ सालीं एशर इटलींत आला. पुढच्या वर्षीं समुद्रावरच्या राव्हेल्लो गांवीं एका खाणावळींत त्याची येट्टा उमिकर या स्विस मुलीशीं गांठ पडली. तिच्या वडिलांचा रशियांत कारखाना होता. तेथील राज्यक्रांतीनंतर तें कुटुंब देशोधडीस लागून इटलींत आलें होतें. १२ जून १९२४ रोजीं व्हियारेज्जो येथें त्यांचें लग्न झालें आणि त्यांनीं रोमांत बिऱ्हाड केलें. तेव्हांपासून एशरचा नेम ठरून गेला. वसंत ऋतु लागला कीं महिना-दोन महिने डोंगरांत निघून जावयाचें. कधीं आगगाडीनें, कधीं गाढवावरून, बहुतेक पायीं. आणि जमविलेल्या रेखाटनांवरून हिंवाळ्यांत घरीं बसून ठसे कोरावयाचे.

आतां हीं गांवें इतक्या अडचणीच्या जागीं कां वसलीं, हा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. आपल्या डोंगरी किल्ल्यांची आठवण होते खरी, पण किल्ल्यांत मुख्यतः शिबंदी राहते; येथें शेतकरी आणि गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्या राहिले. रोमन साम्राज्य मोडल्यावर स्वाऱ्या सुरू झाल्या, किनाऱ्यावर अरब चांचे उतरूं लागले, आणि लोकांनीं वर चढून घरें बांधलीं. दुसरा शत्रु याहून सूक्ष्म होता. खालच्या दलदलींत हिंवतापाची वस्ती असे. 'मलेरिया' हा शब्दच इटालियन आहे; 'माल आरिया' म्हणजे वाईट हवा. डांसांचें कर्तृत्व तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें, परंतु उंचावर राहणारा वांचतो एवढें शेंकडों वर्षांच्या अनुभवानें कळलेलें होतें. म्हणून शेत खालीं आणि घर वर, अशी व्यवस्था झाली. रोज सकाळीं उतरावें, रोज संध्याकाळीं चढावें. वर जागा थोडी. म्हणून घराला घर चिकटलें, एकाचें छप्पर दुसऱ्याचें अंगण झालें, गल्लीवर खोली आली आणि खोलीखालून जिना गेला. कोणा वास्तुशास्त्रज्ञानें कागदावर आंखून असें गांव केलें नसतें. गरजेनें तें केलें.

आन्वेर्सा हें गांव साजित्तारियो नदीच्या घळईच्या तोंडाशीं आहे. तेथून कास्त्रोवाल्वाकडे जाणारा रस्ता वळसे घेत घेत कडा चढतो. रस्ता एवढा अरुंद कीं सूनबाईंनीं डोळे मिटून घेतले. चिरंजीव मोटार हांकीत असल्यामुळें त्यांना ती सोय नव्हती. वरचें गांव म्हणजे सुरीच्या धारेसारख्या कण्यावर मांडलेली घरांची ओळ. एका बाजूनें पाहिलें तर पायांखालीं घळई, दुसऱ्या बाजूनें पाहिलें तरीही उतारच.

या कास्त्रोवाल्वाचें एशरनें १९३० च्या फेब्रुवारींत केलेलें शिळाचित्र त्याच्या इटलींतील कामांत सर्वांत सरस मानतात, आणि माझ्या मतें तो मान योग्य आहे. शिळाछाप आपल्याला अपरिचित नाहीं. जुन्या पोथ्या याच रीतीनें छापीत, आणि राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस काढलेल्या छापखान्यांतून ज्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या त्याही दगडावरूनच उतरल्या. गुळगुळीत चुनखडकावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, दगड ओला करावयाचा आणि वरून तेलकट शाई फिरवावयाची. ओला दगड शाईला जवळ करीत नाहीं, खडूची रेघ मात्र तिला धरून ठेविते. मग कागद दाबला कीं छाप उमटतो. एशर पूर्वी लांकूड कोरून ठसे करीत असे. लांकडांत काळें आणि पांढरें एवढेंच. दगडावर मात्र मधल्या करड्या छटा लाभतात. याच अब्रुत्सोंतल्या गोरियानो सिकोली गांवाचें १९२९ सालचें चित्र हा त्याचा पहिला शिळाछाप.

कास्त्रोवाल्वाच्या चित्राची उंची सुमारें ५३ सेंटिमीटर. त्यांत कडा एका अंगास, कड्यावर गांव, जवळ पायवाटेच्या कडेची रानटी झाडी पानापानानिशीं, आणि दुसऱ्या अंगास खोल दरींत पसरलेलीं शेतें व दुसरीं गांवें. वर ढगांचे पुंजके. तें पाहतांना मान वर करून गांव पाहावें लागतें आणि त्याच दमांत मान खालीं घालून दरी पाहावी लागते. चित्रकलेचा साधारण नियम असा कीं पाहणाऱ्याला एका जागीं उभें करावें आणि जें डोळ्यांसमोर येईल तें दाखवावें. एशरनें येथें पाहणाऱ्याला उभा तर एकाच जागीं केला, पण त्याला वरचें आणि खालचें अशीं दोन जगें दिलीं. यांत लबाडी कांहींच नाहीं. रस्त्याच्या एका वळणावर मोटार थांबवून आम्ही उतरलों, तेव्हां नातवानें चित्राची प्रत समोर धरून आधीं वर पाहिलें, मग खालीं पाहिलें, आणि म्हणाला, "आजोबा, हें तर खरेंच असें आहे!" मी कांहीं बोललों नाहीं. एवढ्यासाठींच त्याला आणिला होता.

हें चित्र रेखाटण्यास एशर त्या पायवाटेच्या कडेला जवळजवळ सारा दिवस बसला होता. वरच्या अंगास शाळा होती, आणि मुलांच्या गाण्याचे स्वच्छ स्वर दिवसभर आपल्या कानांवर येत होते, अशी आठवण त्यानें पुढें सांगितली आहे. चाळीस वर्षें शाळेच्या घंटेवर जगलेल्या मजसारख्या माणसाला ती आठवण चित्राइतकीच मोलाची वाटते. आम्ही त्या गांवांत तासभर होतों. दारें बंद, कुंड्यांतून फुलें नीट राखलेलीं, एक म्हातारे गृहस्थ उन्हांत बसलेले, दोन मांजरें. मुलाचा आवाज म्हणून ऐकू आला तो आमच्या नातवाचा तेवढा.

गांवें रिकामीं होण्याचें कारण त्यांच्या वसण्याच्या कारणांतच आहे. चांचे गेले, हिंवतापही हटला, आणि १९७० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें इटली त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर केलें. रेल्वे आणि हमरस्ते खालून गेले. वर राहण्याची गरज सरली, आणि वरच्या खडकांत पोट भरण्याजोगें कांहीं नव्हतेंच. लोक अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला, बेल्जमच्या कोळशाच्या खाणींत गेले. ८ ऑगस्ट १९५६ रोजीं बेल्जममधील मार्सिनेल येथें खाणीला आग लागून २६२ माणसें मेलीं. त्यांतील १३६ इटालियन होतीं, आणि त्यांतहि अब्रुत्सोच्या डोंगरांतून गेलेलीं पुष्कळ होतीं. जे मागें राहिले त्यांना धरणीकंपाची भीति कायमची. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे लाक्विला शहराजवळ झालेल्या भूकंपांत तीनशेंहून अधिक लोक दगावले. एशरच्या पहिल्या शिळाछापाचें गोरियानो सिकोली गांवही त्यांत खिळखिळें झालें.

या मुलुखांतील लोक परक्याकडे कसे पाहत, याची एक गोष्ट एशरच्या चरित्रांत आहे. १९२९ सालच्या फेरींत तो एका खेड्यांत रात्रीं मुक्कामास पोंचला आणि पहाटे पांचाला सशस्त्र पोलिसांनीं दार ठोठावून त्याला उठविलें. राजाच्या जीवावर उठलेला मारेकरी म्हणून त्याच्याविषयीं संशय होता! पुरावा काय, तर हा परका माणूस उशिरां आला, देवाच्या मिरवणुकींत सामील झाला नाहीं, आणि एका बाईच्या सांगण्याप्रमाणें त्याची नजर वाईट होती. सुदैवानें हसण्यावारी सुटका झाली. दिवसभर एका जागीं बसून दुसऱ्याच्या घराकडे टक लावणाऱ्या मनुष्याविषयीं त्या बाईस संशय आला, याचें मला तरी नवल वाटत नाहीं.

कास्त्रोवाल्वाहून उतरून त्याच घळईनें वर गेलें कीं व्हिलालागो आणि मग स्कान्नो लागतें. हीं गांवें जवळजवळ आहेत, पण एशरच्या चित्रकलेचा मोठा पल्ला या थोड्या अंतरांत मावतो. स्कान्नोची गल्ली त्यानें १९३० च्या आरंभीं शिळेवर काढली: दोन्हीं अंगांस उंच घरें, मधून पायऱ्या, पायऱ्यांवर बसलेल्या बायका. अगदीं जशी आहे तशी. या गांवच्या बायका काळा पोषाख करीत. त्यांचीं छायाचित्रें १९५१ सालीं फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यानें काढलीं आणि गांव त्यामुळें अधिक प्रसिद्ध झालें. मला तेथें विशेष वाटला तो जिन्यांचा खेळ. एका कमानीखालून चढूं लागलों, दोन वळणें घेतलीं, आणि ज्या चौकांतून निघालों तोच चौक सरळ पायांखालीं दिसूं लागला. सूनबाई तेथें सामानाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. वरून त्यांचें फक्त डोकें दिसत होतें. खालून जी कमान आमच्या डोक्यावर छप्पर झाली होती, तिच्याच पाठीवर आतां आम्ही उभे होतों.

व्हिलालागोचें चित्र मात्र निराळें. १९३४ सालच्या त्या चित्रांत आपल्यासमोर एका खोलींतलें साधें मेज आहे, त्यावर दांत घासण्याचा ब्रश वगैरे नित्याच्या वस्तु आहेत, आणि मागें आरसा आहे. आरशांत खोलीची दुसरी बाजू दिसावी. दिसते ती व्हिलालागोची गल्ली, तिच्या घरांसकट. प्रत्येक वस्तु खरी, प्रत्येक रेघ खरी, आणि दोहोंची भेट अशक्य. पुढच्या साऱ्या कोड्यांचें बीज येथें पडलें, आणि तें इटलींत असतांनाच पडलें.

(जातां जातां शाकाहारी कुटुंबांसाठीं सांगून ठेवतों: या डोंगरांत उपास घडत नाहीं. जाड पाव, मसुरीचें कढण, शेवयांचे नाना प्रकार आणि मेंढीच्या दुधाचें चीज सर्वत्र मिळतें. मात्र मांसाचा रस घालूं नका, हें आधींच बजावून सांगावें लागतें.)

स्कान्नोच्या पुढची खिंड ओलांडली कीं सांग्रो नदीचें खोरें लागतें. या नांवाशीं आपला संबंध आहे, आणि तो चित्रांचा नव्हे. एशर इटली सोडून गेल्यावर आठ वर्षांनीं, १९४३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत, याच नदीवर दोस्त सैन्यानें जर्मन फळी फोडली. त्या सैन्यांत आठवी भारतीय डिव्हिजन होती, आणि तींत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ज्या उंचीसाठीं चित्रकार तेथें बसला, ती उंची शत्रूच्या मशीनगनच्या हातीं होती. चिखल, पूर आलेली नदी, आणि प्रत्येक टेकडीवर दगडी भिंतींचें एक गांव. नदीच्या मुखाजवळ तोरिनो दि सांग्रो येथें युद्धांत पडलेल्यांची दफनभूमि आहे; तींतच, ज्यांचे देह अग्नीला दिले अशा पांचशेंहून अधिक हिंदी सैनिकांचें स्मारक आहे. पुढच्या वर्षीं, १० जुलै १९४४ रोजीं, उत्तरेस टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत कुलाबा जिल्ह्यांतल्या नाईक यशवंत घाडगे यांनीं, तुकडींतील बाकी सर्व मेले वा जखमी झाले असतां, एकट्यानें मशीनगनवर चाल करून ती बंद पाडली आणि तेथेंच देह ठेविला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पेरूजा जिल्ह्यांतील मोंतोने हेंही असेंच टेकडीवरचें गांव. तेथें २०२३ सालीं घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिकेच्या रूपाचें स्मारक उभें केलें आहे. ज्या घरांत इटलीचीं चित्रें लागतात त्या घरांत हें नांवही ठाऊक असावें, म्हणून येथें थोडें विषयांतर केलें.

कालाब्रियापर्यंत, म्हणजे इटलीच्या पायाच्या अगदीं चवड्यापर्यंत, जाण्याइतका वेळ आमच्यापाशीं नव्हता. एशर मात्र १९३० च्या वसंतांत तीन मित्रांसह तो मुलुख फिरला. त्यांतील एक मित्र झिथर नांवाचें तंतुवाद्य वाजवी, आणि ज्या गांवांत कोणी बोलावयास तयार नसे तेथें त्या वाद्यानें दारें उघडत. मोरानो हें शंकूसारख्या टेकडीवर घरांच्या राशीनें रचलेलें गांव त्यानें लांकडावर कोरलें, आणि पेंतेदात्तिलोही. हें दुसरें नांव ग्रीक आहे: 'पेन्ते' म्हणजे पांच, 'दाक्तिलोस' म्हणजे बोट, गांवामागचा खडक पांच बोटें वर केलेल्या पंजासारखा आहे. ग्रीक 'पेन्ते' आणि आपला 'पञ्च' हे सख्खे भाऊ, आणि त्यांची भेट कालाब्रियाच्या टोंकाला व्हावी याची मौज वाटते. तेथें त्या चौघांस शिळा पाव बकरीच्या दुधांत भिजवून खावा लागला. एका म्हाताऱ्या बाईनें त्यांना निरोप दिला कीं मुसोलिनी भेटला तर त्याला सांगा, आम्ही इतके गरीब आहों कीं आम्हांला पाणी नाहीं आणि मेलेलीं माणसें पुरण्यापुरती जमीनही नाहीं. मुसोलिनीला तो निरोप पोंचला असण्याचा संभव नाहीं. पुढें तें जुनें गांव रहिवाशांनीं सोडलें. आतां पंजा आहे, भिंती आहेत, आणि प्रवासी येतात.

मुसोलिनीनेंच शेवटीं एशरलाही देश सोडावयास लाविलें. राजकारणाशीं या मनुष्याला कर्तव्य नव्हतें. परंतु १९३५ सालीं त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेंत फॅसिस्ट बालसेनेचा गणवेश चढविण्यांत आला, आणि बापानें बिऱ्हाड मोडलें. मुलगा शाळेंत काय शिकतो एवढ्या एका प्रश्नावर आवडता देश सोडणारे पालक थोडे. तें कुटुंब स्वित्झर्लंडांत गेलें. तेथला बर्फ एशरला मुळींच मानवेना. एका रात्रीं समुद्राच्या लाटांचा आवाज ऐकून तो जागा झाला. पाहतो तों पत्नी केंस विंचरीत होती! लगेच त्यानें आद्रिया नांवाच्या जहाज कंपनीला पत्र लिहिलें: मला व पत्नीला तुमच्या मालवाहू जहाजांवरून फिरवा, मोबदल्यांत वाटेंतल्या बंदरांचे ठसे करून देतों. कंपनीनें तें मान्य केलें, याचें त्यालाही आश्चर्य वाटलें. १९३६ च्या या सफरींत त्यानें स्पेनांतल्या अल्हम्ब्रा राजवाड्याची फरसबंदीची नक्षी दुसऱ्यांदा पाहिली आणि दिवसचे दिवस बसून उतरून घेतली. एकांत एक बसणाऱ्या आकृतींचा नाद त्याला लागला तो कायमचा.

यानंतर निसर्गचित्रें जवळजवळ संपलीं. पुढें बेल्जममध्यें व मग हॉलंडांत राहतांना त्यानें म्हटलें आहे कीं दक्षिण इटलीच्या मानानें इकडच्या भूमींत डोळ्याला धरणारें कांहीं नव्हतें, म्हणून आपण मनांतल्या प्रतिमांकडे वळलों. पण मनांत होतें काय? १९४७ सालच्या 'वर आणि खालीं' या चित्रांत दक्षिणेकडील उन्हांतला एक चौक आहे. ताडाच्या जातीचीं झाडें, जिना, जिन्यावर मुलगा, वर खिडकींत मुलगी. तोच चौक त्याच कागदावर एकदां खालून आणि एकदां वरून दिसतो, आणि मधली फरशी एकाची जमीन व दुसऱ्याचें छत होते. स्कान्नोच्या कमानीवर उभ्या असलेल्या माणसाला हें चित्र समजावून सांगावें लागत नाहीं. भिक्षूंच्या अखंड जिन्याची (१९६०) आणि धबधब्याची (१९६१) मूळ कल्पना इंग्लंडांतील पेनरोज पितापुत्रांच्या १९५८ सालच्या लेखांतून आली, हें खरें आहे; तिचें श्रेय त्यांचें त्यांना दिलें पाहिजे. परंतु त्या शास्त्रज्ञांनीं कागदावर नुसती आकृति काढली होती. तिला गच्च्या, खांब आणि माणसें एशरनें दिलीं. आणि धबधब्यामागें डोंगराच्या उतारावर जीं पायरीपायरीचीं शेतें दिसतात, तसलीं शेतें सखल हॉलंडांत कोणी पाहिलेलीं नाहींत.

तीं शेतें आम्हीं पाहिलीं तीं आमाल्फीच्या किनाऱ्यावर. अब्रुत्सोंतून आम्ही तेथें गेलों, आणि राव्हेल्लोहून आत्रानीपर्यंत पायऱ्यांनीं उतरलों. नातू पायऱ्या मोजीत होता. सहाशेंच्या पुढें लिंबांच्या बागेंतल्या कुत्र्यानें त्याचा हिशेब चुकविला. आत्रानी ही क्षेत्रफळानें इटलींतली सर्वांत लहान नगरपालिका आहे: ०.१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें अवघे तीस एकर. दोन कड्यांच्या मधल्या फटींत चुन्यानें रंगविलेलीं चौकोनी घरें एकमेकांच्या खांद्यांवर बसलेलीं, बाजूला मेरी माग्दालेनेच्या देवळाचा घुमट व घंटाघर, आणि खालीं समुद्र. एशरनें तें १९३१ सालीं शिळेवर काढलें. त्याच्या काढण्यांत गल्ल्या कोठें दिसतच नाहींत. नुसते ठोकळे, त्यांचीं उजळ आणि सांवळीं अंगें. समुद्राकडून पाहिलें तर गांव अगदीं तसेंच दिसतें. आंत शिरलें म्हणजे कळतें कीं गल्ल्या आहेत, पण त्या घरांच्या पोटांतून गेल्या आहेत.

हें गांव त्यानें कधीं सोडलें नाहीं. १९३७ सालीं, इटलीबाहेर पडून दोन वर्षें झाल्यावर, त्यानें 'रूपांतर' नांवाची आडवी पट्टी कोरली. तिच्या डाव्या टोंकाला आत्रानी आहे. पुढें घरांचे ठोकळे होतात, ठोकळ्यांचें नक्षीकाम होतें, आणि नक्षींतून एक चिनी मुलगा निघतो. १९३९-४० मध्यें त्यानें जवळजवळ चार मीटर लांबीचें दुसरें 'रूपांतर' केलें. त्यांत मधमाशा, मासे, पक्षी, ठोकळे असें होत होत पुन्हां आत्रानी येतें. गांवापासून समुद्रांतल्या एका बुरुजाकडे पूल जातो, आणि तो बुरुज म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरचा हत्ती ठरतो. युरोपांत युद्ध पेटलें होतें आणि हा मनुष्य कित्येक महिने लांकडाच्या फळ्यांवर एक आठवलेलें गांव कोरीत होता.

पुढें १९६८ च्या सुमारास हेगच्या टपालकचेरीसाठीं हीच पट्टी वाढवून त्यानें तिसरें 'रूपांतर' केलें. तें फार मोठें करून कचेरीच्या भिंतीवर लाविलें गेलें. पावसाच्या दिवशीं ओल्या छत्र्या घेऊन तिकिटांसाठीं रांगेंत उभ्या राहिलेल्या डच गृहस्थांच्या डोक्यावरून तें तीस एकरांचें गांव घुमट व घंटाघरासकट गेलेलें असे, आणि त्यांच्यापैकीं बहुतेकांस तें बुद्धिबळाचें कोडेंच वाटलें असेल.